शंभर फुल्ल

वैशाख लागला की माझा फोन वाजायला लागतो. लग्नाची आवतणं असतातच, पण त्याहून जास्त फोन परीक्षा केंद्रांचे. सर, वीस मशीन जोडायच्यात. सर, सर्व्हर दिसंना गेलाय. सर, दिवा लागतोय पण फाइल जात नाही. पहिले दोन फोन मी चहा पीत घेतो. तिसरा आला की कप खाली ठेवतो. दिवा लागतोय पण फाइल जात नाही, हे वाक्य मला पंचवीस वर्षांपासून पुरून उरलंय. समोरचा माणूस सहज सांगत असतो, त्याला काय माहीत की या टोकाला एका माणसाच्या तळहाताला घाम आलाय. वय झालं माझं, साखर आहे, डॉक्टर म्हणतात घाम त्यानं येतो. येत असेल. पण वैशाखातच कावून येतो, ते डॉक्टरला सांगता येत नाही.

गेवराईतला वैशाख म्हणजे कडुलिंबाच्या बारक्या फुलांचा वास. कडसर आणि गोड, दोन्ही एकदमच. त्यात हमरस्त्यावरून जाणाऱ्या वाळूच्या ट्रकांची धूळ, आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा गारवा. गोदावरी आखडून पात्राच्या एका कडेला गेलेली असते. दुपारी बाराला रस्ता असा रिकामा होतो की लांबवर एखादी एसटी दिसली तरी माणसाला बरं वाटतं. या वासात, या उन्हात मला कुणी डोळे बांधून आणून सोडलं तरी मी सांगेन, परीक्षेचे दिवस आहेत म्हणून.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा बीड रोडला, बी-बियाण्याच्या दुकानाच्या वर, माझी कॉम्प्युटरची संस्था होती. संस्था म्हणायचं आपलं. तीन खोल्या, वीस मशीन, एक कूलर आणि एक मी. खालून खताचा वास यायचा, वर आम्ही उदबत्ती लावायचो. चपला बाहेर काढायच्या, ही सक्त ताकीद. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं मी सगळ्यांना सांगायचो आणि स्वतःही मानायचो. बायकोनं जुन्या पडद्यांचे झबले शिवून दिले होते, ते रोज संध्याकाळी मशीनांना घालायचे आणि सकाळी काढायचे. गाव तेव्हा नुकतंच बदलायला लागलं होतं. चौकात एसटीडीचे पिवळे बूथ होते, घराघरावर केबलच्या तारा लोंबत होत्या, आणि सायकलच्या दुकानावरही कुणीतरी 'डॉट कॉम' लिहून ठेवलं होतं. आता सगळं जोडलं जाणार, असं जो तो म्हणायचा. जोडणारा आपण, या तोऱ्यात मी फिरायचो.

तारा मी स्वतः ओढलेल्या होत्या. त्या निळ्या केबलच्या पोटात आठ बारक्या तारा असतात, आठ रंगांच्या, आणि त्यांचा क्रम चुकून चालत नाही. नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, असं मी पाढ्यासारखं म्हणत एकेक तार चिमट्यात दाबायचो. कुणी शिकवलं नव्हतं. औरंगाबादच्या दुकानदारानं एकदा करून दाखवलं, तेवढंच. बोटांची कातडी सोलली होती, पण वीसच्या वीस मशीन सर्व्हरला जोडली गेली तेव्हा मला पोरगा झाल्यासारखा आनंद झाला होता. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाइली सांभाळणारं मोठं मशीन. आणि स्विच म्हणजे मधला डबा, ज्यात सगळ्यांच्या तारा येऊन मिळतात. त्याचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले की मी लाईट घालवून नुसता बघत बसायचो. मी नारळ फोडला होता त्याच्यापुढं. कुंकवाचं बोट अजून त्या डब्यावर असेल, डबा कुठं असेल ते असो.

शोभाताई त्या वर्षी माझ्याकडं शिकायला आल्या. चकलांब्याच्या. नवरा, भास्करराव, गेवराईतल्या एका सरकारी कचेरीत लिपिक होते, मोटारसायकलच्या अपघातात गेले. अनुकंपेवर त्यांच्या जागी शोभाताईंना घेतलं होतं, नवऱ्याच्याच टेबलावर, नवऱ्याच्याच खुर्चीत. पण अट होती. दोन वर्षांत टायपिंग आणि कॉम्प्युटरची सरकारी परीक्षा पास व्हायची. नाही झालं तर लिपिकाची जागा जाणार, मग शिपाई म्हणून राहायचं असेल तर राहा. एक परीक्षा त्यांनी आधी दिली होती, वेगात कमी पडल्या होत्या. आता राहिली होती ती शेवटची, वैशाखातली.

त्या सकाळी पहिल्या गाडीनं यायच्या. चपला दाराबाहेर एकाला एक लावून ठेवायच्या. पाण्याची बाटली, डबा आणि एक वही. की-बोर्डवर बोटं अशी ठेवायच्या जशी नव्या सुनेनं सासरच्या भांड्याला हात लावावा. मी हसायचो कधी कधी. दाबा ताई, फुटत नाही ते. मग त्या दाबायच्या. सहा महिन्यांत त्यांचा वेग माझ्याएवढा झाला, आणि चुका माझ्याहून कमी. भास्कररावांचं अक्षर चांगलं होतं, ते ऑफिसातल्या जुन्या फायलींवर दिसायचं, असं त्या एकदा बोलून गेल्या. त्या फायलींवर आता माझं टायपिंग लागंल, असंही म्हणाल्या. एरवी त्या फार बोलायच्या नाहीत. मी मात्र दिवसभर बोलायचो.

बोलण्यावरून आठवलं. नेटवर्कच्या कार्डाची सेटिंग उघडली की एक यादी येते. वेग आणि बोलायची रीत. दहा हाफ, दहा फुल्ल, शंभर हाफ, शंभर फुल्ल, आणि सगळ्यांच्या वर ऑटो. हाफ म्हणजे एका वेळी एकानंच बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, आपली पाळी आली की बोलायचं. फुल्ल म्हणजे दोघांनीही एकदम बोलायचं आणि त्याच वेळी ऐकायचंही. आमच्या चौकातल्या पारावर लोक फुल्लच बोलतात, सगळे एकदम, आणि तरी कुणाच्या पोरीचं कुठं ठरलं ते बरोबर प्रत्येकाला कळलेलं असतं. ऑटो म्हणजे काय, तर दोन मशीनांनी तार जोडल्याबरोबर आपसात विचारायचं. तुला किती झेपतं, मला किती झेपतं. सोयरिकीच्या बैठकीत दोन्हीकडची माणसं बसतात तसं. बोलून ठरवायचं आणि मग पुढचं.

आमचं सगळं ऑटोवर होतं आणि झक्क चाललं होतं. पण परीक्षेच्या आदल्या दुपारी माझ्या हाताला खाज सुटली. बीडहून निरीक्षक साहेब येणार होते. केंद्र नवीन, नाव राखायचं होतं. मी सर्व्हरची ती यादी उघडली. ऑटोवर सोडायचं म्हणजे देवावर सोडायचं, असं मला वाटलं. समोर फुल्ल दिसत असताना कोण शहाणा माणूस गप बसेल? एसटीत हाफ तिकीट पोरांचं असतं. मी शेवटची ओळ निवडली. शंभर फुल्ल. एका मशीनवरून फाइल पाठवून बघितली, उडत गेली. मग मी खाली जाऊन रसवंतीवर उसाचा रस प्यालो, आल्याचा आणि लिंबाचा. तो रस किती गोड लागला होता तेही आठवतं, आणि राग येतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मला तेव्हा एक साधी गोष्ट माहीत नव्हती. एका बाजूला हातानं ठरवलं की ती बाजू बोलणीच बंद करते. विचारलं तरी उत्तर देत नाही. आणि दुसरी बाजू, म्हणजे तो बिचारा स्विच, अजून ऑटोवरच होता. तो विचारतो, उत्तर येत नाही. मग त्याचा नियम असा, की समोरचा बोलत नसेल तर आपण जपून राहायचं, हाफ धरायचं. झालं. एक जण बेधडक बोलत सुटलेला, दुसरा पाळी पाळतोय. रहदारी कमी असली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. दिवे हिरवे, सगळं सुरळीत. पण सगळे एकदम बोलायला लागले, की पाळी पाळणारा आपलं बोलणं मध्येच टाकून मागं सरतो. पुन्हा बोलू बघतो, पुन्हा मागं सरतो. बेधडक बोलणाऱ्याला काही कळतच नाही. त्याचं आपलं चालू.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठलाच ऊन चढलं होतं. वीस उमेदवार, वीस मशीन. साहेब आले, चहा झाला, कूलरपुढची खुर्ची त्यांना दिली. मग हजेरीचा कागद फिरला आणि त्याच्यासोबत दुसरा एक. तो कागद आमच्या भागात सगळीकडं असायचा. 'परीक्षा सुरळीत पार पडली. केंद्राबद्दल माझी काही तक्रार नाही.' खाली वीस ओळी, वीस सह्या. खरं तर तो परीक्षा झाल्यावर घ्यायचा. पण परीक्षा सुटली की उमेदवार एसटी गाठायला पळतात, आणि साहेबांनाही दुपारची गाडी असते. मग कुणाच्या मागं धावायचं? म्हणून आधीच घेऊन टाकायच्या. सगळीच केंद्रं असं करायची, कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. माझ्याच हातात तो कागद होता, आणि पेनही माझाच.

शोभाताईंनी तो पूर्ण वाचला. एकट्या त्यांनीच वाचला. मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "परीक्षेच्या आधीच कावून सर?"

"रीत आहे ताई. करा सही."

त्यांनी केली. शोभा भास्कर, सावकाश, गोल अक्षरात.

दीड तासाचा पेपर. एक पत्र, एक तक्ता, एक उतारा. टायपिंगचा आवाज खोलीत असा भरला होता की मला पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटत होतं. पहिला तासभर काहीच झालं नाही. शेवटची पंधरा मिनिटं राहिली आणि एकेक जण सेव्ह करायला लागला. पहिल्या काही जणांचं गेलं. मग सगळेच एकदम लागले आणि पडद्यांवरच्या निळ्या पट्ट्या जागच्या जागी थांबल्या. सर, जाईना. सर, अडकलंय. मी टेबलांखाली शिरलो. तारा हलवल्या, टोकं काढून पुन्हा बसवली, फुंकर मारली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. साहेबांनी स्वतः उठून सर्व्हरवरून तपासलं, मशीनला हाक मारली, मशीननं ओ दिली. दिवे हिरवे होते. ते म्हणाले, दिवा चालू आहे, उत्तर येतंय, मग नेटवर्कला झालं काय? मी घाम पुसत म्हणालो, नेटवर्क ठीक आहे साहेब. ते खोटं नव्हतं, मला तसंच वाटत होतं.

वेळ संपली की सर्व्हर आपोआप दार लावून घ्यायचा. तशी सोय होती. दार लागलं तेव्हा सोळा जणांचे पेपर आत होते, चार जणांचे बाहेर. बाकी तिघांना पुढची परीक्षा होती, ते कुरकुरत जिना उतरले. शोभाताई खुर्चीत बसूनच राहिल्या. त्यांच्या पडद्यावर पत्र होतं, तक्ता होता, उतारा होता, एकही चूक नसलेला. खाली ती निळी पट्टी, अर्ध्यावर. तेवढ्यात मशीन अडकलं म्हणून कुणीतरी ते बंद करून चालू केलं, आणि पडद्यावरचं सगळं पुसलं गेलं. कुणीतरी म्हणजे मीच.

साहेबांना नोंद करायची होती. त्यांनी विचारलं, बाईंचं काय झालं? आणि मी, सगळ्यांच्या देखत, मास्तरच्या आवाजात शोभाताईंना विचारलं, की तुम्ही नेमकं काय दाबलं?

"मी सेव्ह दाबलं सर. तीनदा दाबलं."

मी म्हणालो, नीट आठवा. दिवे तर चालू आहेत. त्या पडद्याकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं, मग साहेबांच्या हातातल्या पेनाकडं.

"चुकलं असंल माझं काई," त्या म्हणाल्या.

साहेबांनी लिहिलं, उमेदवारास संगणक हाताळता आला नाही. मी त्याखाली केंद्रचालक म्हणून सही केली. शोभाताईंनी डबा उचलला, तो उघडलेलाही नव्हता. दाराबाहेर चपला घातल्या आणि जिन्याच्या कठड्याला धरून उतरल्या. मी वरून बघत होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, एसटीला अजून तासभर अवकाश होता, आणि त्या समोरच्या कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. पदरावर बारकी फुलं पडत होती, त्या झटकत नव्हत्या. खाली जाऊन वर बसा म्हणावं असं वाटलं, पण गेलो नाही. लाज वाटली म्हणून, असंही नाही. खरं सांगतो, राग आला होता. इतकं शिकवलं आणि ऐन वेळी चुकल्या, म्हणून त्यांचाच राग.

चार दिवसांनी परीक्षेच्या फाइलींची नक्कल काढायला बसलो. भर दुपार, लाईट नुकतीच आलेली. चार मशीनांवर एकदम काम लावलं आणि पुन्हा तीच निळी पट्टी, तशीच थांबलेली. उमेदवार कुणी नव्हता, सेव्ह मीच दाबलं होतं. मी चौकातल्या बूथवर जाऊन औरंगाबादच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जांभई देत एकच विचारलं, सेटिंगमध्ये हात घातलाय का बे? एका बाजूला फुल्ल ठोकलं आणि दुसरी बाजू तशीच सोडली? मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, ऑटोवर टाक, नाहीतर दोन्हीकडं सारखं कर. परत येऊन यादी उघडली, वरची ओळ निवडली. दोनदा बटण दाबायचं काम. मग चारही मशीनांवरून एकदम फाइली पाठवल्या. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत गेल्या.

मी कूलर बंद केला. त्याचा आवाज सहन होईना. बायको डबा घेऊन आली होती, ती म्हणाली, काय झालं? काय सांगू? सहा महिने एक बाई पहिल्या गाडीनं येत होती, आणि मी एका दुपारी यादीतली शेवटची ओळ निवडली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोरानंच दोरखंड वळून दिलेला.

दुसऱ्या सकाळी मोटारसायकल काढून चकलांब्याला गेलो. लिंबाखाली शोभाताईंचे सासरे, तात्या, बाजेवर बसले होते. शोभाताई दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या. मला बघून उठल्या, पाणी आणून दिलं, परत जाऊन बसल्या. मी तात्यांना समजावायला लागलो. अहो, डुप्लेक्स, म्हणजे ते हाफ-फुल्लचं प्रकरण, चकलांब्यात बाजेवर बसून सांगायचं! मी म्हणालो, असं समजा तात्या, वेशीतून एक रस्ता आहे. एका बाजूचा गाडीवान समजतो रस्ता दुहेरी आहे, तो थांबतच नाही. दुसऱ्या बाजूचा समजतो एकेरी आहे, म्हणून समोरून गाडी दिसली की तो बैल मागं घेतो. तात्या शेतकरी माणूस. त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

"म्हंजी जो मागं सरला, त्याचाच माल पोचला न्हाई," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत डुप्लेक्सची गोष्ट इतकी नीट कुणाच्या तोंडून मी ऐकली नाही. मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "मंग चूक कुणाची सर?"

सुपाचा आवाज थांबला होता. मी लिंबाच्या बुंध्याकडं बघत होतो, तिथं मुंगळ्यांची रांग लागली होती. केंद्र जाईल, नाव जाईल, वीस मशीन आहेत, पोरं शिकतात, असं बरंच काही डोक्यातून गेलं. तोंडातून एकच शब्द आला.

"मशीनची."

तात्या म्हणाले, बरं. सुपाचा आवाज परत सुरू झाला. मी परीक्षेच्या कार्यालयाला लिहितो, असं बोलून उठलो. लिहिलंही. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. शेवटी जे पत्र गेलं त्यात 'तांत्रिक बिघाड आढळून आला' असं होतं. कुणी केला ते नव्हतं. आढळून येतो बिघाड, पावसासारखा, आपोआप. उत्तर यायला मृग उजाडला. दोन ओळींचं होतं. परीक्षा सुरळीत पार पडल्याचं केंद्रचालकांनीच प्रमाणित केलेलं आहे. तसंच, संबंधित उमेदवारानं तक्रार नसल्याचं लेखी दिलेलं आहे. सबब फेरपरीक्षा घेता येत नाही.

'मी केलं' असं लिहिलं असतं तर काय झालं असतं? पंचवीस वर्षं मी हा हिशोब घालतोय. कदाचित हेच उत्तर आलं असतं, तो सहीचा कागद होताच ना तिथं. कदाचित आलं नसतं. माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणून सुटकाही नाही. पुढं शोभाताई त्याच कचेरीत शिपाई झाल्या. भास्कररावांच्या टेबलावर दुसरा पोरगा बसला, आणि त्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवायचं काम त्यांच्याकडं आलं. फायलीही त्याच, भास्कररावांच्या अक्षराच्या. आता त्या या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या, एवढंच.

माझी संस्था नंतर मीच बंद केली, ती वेगळी कथा. लोकांचे नेटवर्क जोडत फिरतो. आता त्या यादीकडं कुणी बघत नाही, मशीनं आपसात बोलून घेतात आणि बरोबर ठरवतात. माणसानं मध्ये हात घालू नये, एवढंच माझं काम राहिलंय. नवीन पोरं मला हसतात. सर, एवढं काय तपासता, दिवा लागलाय ना? मी हसत नाही.

परवा त्याच कचेरीतून फोन आला. नवीन मशीनं आली होती, बारा. गेलो. बाहेर तोच वैशाख, खिडकीतून तोच फुलांचा वास. शोभाताई स्टुलावर होत्या. केस पांढरे झालेत, चष्मा आलाय, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. एवढ्या वर्षांत आमची गाठभेट होत राहिली, लहान गाव, कुठं लपणार? बरं हाय का सर, बरं आहे ताई, एवढंच बोलणं. मी तारा ओढल्या, मशीनं जोडली, हिरवे दिवे लागले. साहेब तरुण होते, त्यांना मीटिंगला जायचं होतं. काम समाधानकारक झालं, तक्रार नाही, असा छापील कागद त्यांनी शोभाताईंच्या हातात दिला. म्हणाले, सरांची सही घ्या आणि माझ्या टेबलावर ठेवा, मी आल्यावर करतो.

ते गेले. मी पेन काढला. शोभाताईंनी कागद दिला नाही. छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"आधी चालतंय का बघू द्या सर," त्या म्हणाल्या. "मंग सही."

मी म्हणालो, दिवे लागलेत ताई. त्यांनी कागद आणखी घट्ट धरला. मग मी बारा मशीनं चालू केली. बाराच्या बारा मशीनांवरून एकदम मोठ्या फाइली सर्व्हरला पाठवल्या. एका मशीनचं बटण मी त्यांना दाबायला सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि दाबलं, अजून तशाच, जपून. बारा निळ्या पट्ट्या पुढं सरकायला लागल्या. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. पट्ट्या भरल्या, फाइली गेल्या. मी मोकळा श्वास घेतला आणि त्याच श्वासात ते बाहेर पडलं, पंचवीस वर्षं अडकलेलं.

"ताई, ती सेटिंग मशीननं केली नव्हती. मी केली होती."

त्यांनी पडद्यावरचं सगळं गेलंय ना, ते पुन्हा एकदा वाचून घेतलं.

"ठाव हाय सर," त्या म्हणाल्या. "तात्यानं इचारलं तवा तुमी झाडाकडं बघून बोललात."

मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला, सहीच्या जागेवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, आता करा. माझी सही वाकडी आली. त्यांनी ती चष्मा सावरून नीट बघितली, कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि उडू नये म्हणून त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवला.